माघारीचे प्राध्यापक

अठरा जानेवारी. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि मी गृहविज्ञानाच्या प्रयोगशाळेत वडाभातासाठी डाळी निवडत बसले होते. आमच्याकडे समिती कसलीही असो, विद्यापीठाची, शासनाची किंवा खेळांची, तिचं जेवण गृहविज्ञान विभागाकडे. आमच्या मुलींच्या निकालाविषयी आजवर एकाही समितीनं विचारलेलं नाही. वडाभाताची कृती मात्र बऱ्याच जणांनी लिहून नेली आहे.

तेवढ्यात इतिहासाचे सर दारात येऊन उभे राहिले. उंबरठ्याच्या आत एक पाय, बाहेर एक. ते कुठेही असेच उभे राहायचे.

"मॅडम, उद्या जेवण कुठे वाढणार?"

"इथंच, सर. दर वेळी इथंच असते."

"समितीले सकाळचा नाश्ता काय आहे?"

"बिस्किटं. प्राचार्यांनी पोहे कापले."

"वा!" सरांचा चेहरा उजळला. "आणि तुमच्या या एक्झॉस्ट पंख्याचं तोंड कोणीकडे आहे?"

दुसरं कोणी विचारलं असतं तर मी डाळीतून मान वर केली असती. सरांना ओळखणाऱ्या माणसाला या प्रश्नांचं नवल वाटत नसे. मी हातानंच दाखवलं. पंख्याचं तोंड कॉरिडॉरकडे होतं, जिन्याच्या बाजूला. सरांनी जाऊन तो जिना पाहिला, नाक वर करून हवा हुंगली आणि परत येऊन म्हणाले, "मले कोपऱ्यातलं एक टेबल पाहिजे. उद्यासाठी."

सर इतिहासाचे. इतिहासातही अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळाचे. त्यातही इंग्रजांपासून सुटण्यासाठी तिथे जी लढाई झाली त्या लढाईतल्या फौजेचे. आणि त्यातही, इथवर आल्यावर ऐकणारा सहसा उठून जायचा, त्या फौजेच्या पिठाचे, मिठाचे, गाड्यांचे आणि बुटांचे.

त्यांच्या घराण्यात हे कोणाला शोभणारं नव्हतं. शहराच्या महाल या जुन्या भागात राहणारी, मराठ्यांच्या राज्यात नागपूरला येऊन स्थायिक झालेली ही मंडळी. वडील कचेरीत कारकून होते, पण घरात बोलणं सगळं दरबाराचं. मुलगा इतिहास शिकतो म्हणजे नागपूरच्या राजघराण्यावर लिहिणार, असं सर्वांनी गृहीत धरलं होतं. सर नवे नवे नोकरीला लागले तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात परदेशातून भेट आलेल्या पुस्तकांची खोकी न उघडता पडली होती. सर्वांत कनिष्ठ म्हणून ती लावायचं काम त्यांच्याकडे आलं. पुस्तकं लावता लावता ते वाचत बसले आणि खोक्यांतून बाहेर आलेच नाहीत.

"आपलं सोडून अमेरिका काहून धरली, सर?" असं मी एकदा विचारलं होतं.

"आपल्यावर लिहिलं की महालातलं एक घर नाराज होते," सर म्हणाले. "यांचे पणजोबा पळाले, त्यांचे पणजोबा फितूर झाले. मग ते लग्नाले बोलवत नाहीत. अमेरिकेत माझा कोणी नातेवाईक नाही."

सर लेखात शुद्ध आणि बोलण्यात महालातले होते.

त्यांचा एक सिद्धांत होता. लढाई म्हणजे दोन जेवणांमधली गडबड. फौज झेंड्यामागे जात नाही, पिठामागे जाते. पीठ कुठे आहे ते कळलं की फौज कुठे जाणार ते कळतं. हा सिद्धांत त्यांनी आयुष्यभर परदेशी मासिकांतून मांडला आणि नागपुरात लग्नकार्यात वापरला. कार्यालयात शिरले की नवरानवरीकडे न जाता ते आधी मागच्या बाजूला जायचे. सिलिंडर किती, कढया किती, पुऱ्या लाटायला बायका किती, हे पाहून येऊन हलकेच सांगायचे, "मॅडम, आत्ताच बसा. वरात आली की पुऱ्या संपतात." मी एकदा ऐकलं नाही. त्या दिवशी मला भात आणि लोणचं मिळालं.

दुसरा सिद्धांत माघारीचा. त्यांचा जो सेनापती होता, म्हणजे तिकडचा, पण सर त्याला "आमचा जनरल" म्हणत, तो जिंकण्यापेक्षा हरला जास्त. मात्र हरला की फौज शाबूत घेऊन निघून जायचा. रात्री शेकोट्या पेटत्या ठेवायचा. शत्रूला वाटायचं, आहेत समोरच. सकाळी पाहावं तर राख, आणि फौज नदीपलीकडे. "जिंकणं कोणालेही जमते," सर म्हणायचे. "नीट पळून दाखवा."

हा शेकोट्यांचा डाव त्यांनी कॉलेजात नेमानं चालवला. त्यांच्या विभागातल्या खुर्चीवर एक करडा कोट कायम लटकलेला असे. पंखा चालू, दिवा चालू, टेबलावर उघडं पुस्तक, पुस्तकावर चष्मा. प्राचार्यांचा शिपाई येऊन पाहायचा आणि "सर इथंच आहेत, बाथरूमले गेले असतील," असं सांगायचा. सर तोवर बेसाला घरी पोचलेले असत. वीजबचतीवर प्राचार्यांनी जे परिपत्रक काढलं ते सगळ्या कॉलेजसाठी होतं म्हणतात, पण त्यात कोटाचाही उल्लेख होता.

बेसाला घर का घेतलं, याचंही कारण तेच. शहराच्या कडेला राहावं, निघायला रस्ता मोकळा राहतो. प्रत्यक्षात बेसा इतक्या झपाट्यानं वाढलं की अमेरिकेतल्या नद्यांची वळणं तोंडपाठ असलेल्या सरांना स्वतःची गल्ली सापडेनाशी झाली. मग वहिनी फाटकात येऊन उभ्या राहायच्या. वहिनींची तक्रार एकच होती. सरांना भाजीला पाठवलं की ते मीठ घेऊन येतात. मिठावाचून त्या फौजेचं साठवलेलं मांस सडलं होतं, तेव्हापासून सरांनी धसका घेतला होता. "आमच्या घरी बाकी सगळं संपते," वहिनी म्हणायच्या, "मीठ काही संपून नाही राहिलं."

त्यांचं पुस्तक परदेशात छापलं गेलं तेव्हा इथल्या एका वर्तमानपत्रानं बातमी दिली, "अमेरिकेच्या बेकरी व्यवसायावर नागपूरकराचा ग्रंथ." सरांनी ती कापून ठेवली. त्यांच्या मते आजवरचं ते सर्वांत नेमकं परीक्षण होतं. तिकडच्या विद्यापीठांतून पत्रं यायची, बोलावणी यायची. सर कधी गेले नाहीत. "मी ती जागा कशी होती ते पाहिलेलं आहे," ते म्हणायचे. "आता तिथे पार्किंग आहे म्हणतात. कशाले जायचं?"

आता शुभांगीविषयी सांगायला हवं, कारण ते टेबल तिच्यासाठी होतं.

शुभांगी उमरेडची. घरात पूर्वी माग होता. आता वडील कोळसा खाणीत आणि माग माळ्यावर. रोज एसटीनं यायची. एमएच्या पहिल्या वर्षाला अमेरिकेचा पेपर घेणारी ती एकटीच निघाली. सरांनी पहिल्या दिवशी पेपराविषयी काही न बोलता तिच्या पायांकडे पाहिलं.

"स्टँडवरून पायी येतेस?"

"हो सर."

"मग आधी चप्पल बदल. ही एप्रिलपर्यंत नाही टिकत. फौज बुटांवर चालते."

"सर, मी एकटीच हाव. फौज कुठं आहे?"

"तेवढीच आहे," सर म्हणाले. "म्हणून जपून."

पुढच्या वर्षी, म्हणजे एमएच्या दुसऱ्या वर्षात, नवे प्राचार्य आले. ते वाणिज्य शाखेचे. एका मुलीसाठी एक खोली, एक प्राध्यापक आणि एक पंखा हे त्यांना बघवेना. इतिहासाची खोली त्यांनी स्मार्ट वर्गासाठी घेतली, रंगकाम सुरू केलं आणि कुलूप लावलं. खोली नाही म्हणून वर्ग होत नाही, वर्ग होत नाही म्हणून पेपर बंद, असं ते समितीला सांगणार होते. शुभांगीला दुसरा पेपर घ्यावा लागला असता आणि त्याचा पहिल्या वर्षाचा भाग पुन्हा द्यावा लागला असता. एक वर्ष गेलं असतं.

तिच्याकडे वर्ष नव्हतं. खापरखेड्याचं स्थळ ठरलं होतं, मुलगा वीज केंद्रात. लग्न परीक्षेनंतर लगेच. त्या मंडळींनी कबूल केलं होतं की एमए पूर्ण झालेलं असलं तर मुलगी नोकरी करील. झालेलं नसलं तर विषय मिटला. हे तिनं मला एकदा प्रयोगशाळेत भांडी विसळू लागताना सांगितलं होतं, अगदी कोरड्या आवाजात. मला तिचा तो आवाज आवडला.

स्टाफरूममधल्या सर्वांना वाटलं, सर आता भांडतील. संघटनेत जा म्हणाले, कोर्टात जा म्हणाले, पेपरात द्या म्हणाले. सर दाराशेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते.

"भांडलो तर मी जिंकीन," ते म्हणाले. "पण दोन वर्षांनी. तिची परीक्षा एप्रिलमध्ये आहे."

आणि त्यांनी खोली सोडली. कोट तेवढा कुलूप लागायच्या आधी काढून घेतला. मग वर्ग भटकायला लागला. सायकल स्टँडमागे, कॅन्टीनच्या ओट्यावर, कधी एनसीसीच्या सामानात. शुभांगी मला विचारायची, "मॅडम, आज सर कुठं आहेत?" मी म्हणायची, "चहा कुठं उकळून राहिला ते पाहा वं." आणि तिथे ते असायचे. अभ्यासक्रम पुढे जात होता. फक्त समितीला दाखवता येईल असा वर्ग कुठे नव्हता.

"तर कोपऱ्यातलं टेबल," सर त्या दिवशी म्हणाले. "समिती कुठे जाईल, कुठे नाही, हे प्राचार्य ठरवतील. पण जेवायले ती इथंच येणार. तेव्हा आपण आधी येऊन बसायचं."

"आणि मी प्राचार्यांना काय सांगू?"

"तुम्हाले कोणी विचारलं तर ना."

हे खरं होतं. मला कोणी काही विचारत नसे. मी दोन अटी घातल्या. अन्नाजवळ खडू चालणार नाही, आणि मुलगी एप्रन व टोपी घालून बसेल. सरांनी दोन्ही मान्य केल्या आणि जाताना बजावलं, "वडे लवकर तळायले घ्या."

एकोणीस तारखेला समिती आली. मोटारी आल्या, हार झाले, बिस्किटं झाली. प्राचार्य त्यांना मजल्यामजल्यानं फिरवू लागले. मी ठरल्या वेळेच्या बरंच आधी तेल तापवलं आणि पहिला घाणा सोडला. मागच्या कोपऱ्यात सर आणि शुभांगी बसले होते. खडू चालणार नव्हता म्हणून सरांनी माझ्या डब्यातली कणीक घेऊन स्टीलच्या टेबलावर नदी काढली होती. सुंदर नदी होती, दोन वळणं, एक बेट. अलीकडे त्यांनी तुरीच्या डाळीचे ढीग लावले, ती आमच्या जनरलची फौज. पलीकडे अख्ख्या लाल मिरच्या, ते इंग्रज. त्यांचे कोट लाल होते म्हणे.

"सर, या मिरच्या मला रश्शाला लागणार आहेत," मी म्हटलं.

"माघार झाली की घ्या."

शुभांगी शेगडीवर एक काळपट गोळा भाजत होती. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. उपाशी फौज हिवाळ्यात हे खायची. सरांचं म्हणणं, जे लिहायचं ते आधी चावून पाहावं. त्यासाठी त्यांनी तिला मीठही घालू दिलं नव्हतं. घरात एवढं मीठ असलेल्या माणसानं.

समिती जिन्यावर होती. मला आवाज ऐकू येत होते. प्राचार्य म्हणत होते, "इकडून या सर, आमचा स्मार्ट वर्ग." आणि एक जाड, थकलेला आवाज म्हणाला, "हा वास कशाचा आहे हो?"

"ते जेवण, सर. त्याला वेळ आहे."

"वेळ कशाला आहे? तळणं तर चालू आहे."

पावलं वळली. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते डाळीचा एक ढीग नदीच्या काठाशी सरकवत होते, पण तोच ढीग तिसऱ्यांदा. एवढ्या वर्षांत मी त्यांना प्रथमच घाबरलेलं पाहिलं.

समितीचे अध्यक्ष आत आले. मोठे गृहस्थ, कपाळाला घाम. कढईकडे पाहून समाधान पावले, मग कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले. कणकेची नदी, डाळ, मिरच्या, आणि टोपी घातलेली मुलगी.

"छान," ते म्हणाले. "ही कोणती पाककृती?"

शुभांगी उभी राहिली. "सर, ही माघार आहे."

"काय आहे?"

"माघार, सर. ही डाळ नदी पार करून राहिली. मिरच्यांना माहीत नाही. कारण इकडे शेकोट्या पेटत्या ठेवल्या आहेत." तिनं शेगडीकडे बोट दाखवलं.

अध्यक्षांनी खुर्ची ओढली. भुकेल्या माणसाला बसायला निमित्त हवं असतं. "डाळ पळून का राहिली?" त्यांनीही तिच्याच बोलीत विचारलं, आणि मला कळलं की हे गृहस्थ आपल्याच भागातले आहेत.

मग ती बोलत गेली. गाड्यांना बैल नव्हते, बुटांचे तळ गेले होते, पीठ होतं तिथे भट्टी नव्हती आणि भट्टी होती तिथे पीठ नव्हतं. राज्यकारभार करणारे ठराव करत होते आणि फौज हे खात होती. असं म्हणून तिनं भाजलेला गोळा बशीत घालून पुढे केला. अध्यक्षांनी तोडला, चावला आणि बराच वेळ चावत राहिले.

"हा तर रोडगा आहे."

"हो सर. पण तूप नाही."

"मीठ पण नाही!"

"तूप-मीठ असतं तर माघार कोणी घेतली असती, सर?"

अध्यक्ष हसले तेव्हा त्यांच्या तोंडातला रोडगा दिसला. एवढ्यात प्राचार्य धापा टाकत आत आले आणि त्यांनी सगळं एका नजरेत पाहिलं. "सर, हे गृहविज्ञानाचं प्रात्यक्षिक," ते घाईनं म्हणाले. "आमच्या पदवीच्या मुली."

"काय वं, कोणत्या वर्गात आहेस तू?" अध्यक्षांनी विचारलं.

"एमए भाग दोन, इतिहास. अमेरिकेचा पेपर."

"शिकवतं कोण?"

शुभांगीनं वळून पाहिलं. सर दरवाज्याशी उभे होते, एक पाय बाहेर. मला वाटलं, हा माणूस आता निघून जाणार. पण त्यांनी तो पाय आत घेतला.

"मी," सर म्हणाले.

अध्यक्षांनी कागद मागवला आणि खाताखाताच शेरा लिहिला. सदर पेपर प्रात्यक्षिकासह चालू आहे, प्रवेशित विद्यार्थिनीची परीक्षा होईपर्यंत चालू ठेवावा. प्राचार्यांनी कानात काही सांगितल्यावर खाली आणखी एक ओळ आली. नवीन प्रवेश देऊ नयेत. मग अध्यक्षांनी तिसऱ्यांदा वडे घेतले.

संध्याकाळी भांडी लागल्यावर सर टेबल पुसायला आले. मी मिरच्या केव्हाच काढून घेतल्या होत्या. डाळही धुऊन शिजवायला टाकली होती.

"उत्तम झाली माघार," सर म्हणाले.

"सर, ती दुसरी ओळ वाचली का तुम्ही? तुमचा विषय गेला. ही पोरगी शेवटची."

"वाचली."

"मग?"

"किल्ला गेला, फौज निघाली." त्यांनी फडकं पिळलं. "आमचा जनरल अशा दिवशी गाढ झोपला असता."

"एकच तर पोरगी आहे."

"उपाशी नाही ना? चप्पल नवी आहे ना? मग पुरे."

पण फडकं वाळत घालताना ते कणीक पुसलेल्या रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले. त्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतला पंखा आणि दिवा दोन्ही बंद केले, खुर्चीवर टाकलेला करडा कोट अंगात घातला आणि सरळ फाटकातून गेले. मला ते मुळीच आवडलं नाही. मी काही समजूत घालणारी बाई नाही, आणि घालायला गेले तर समोरच्याला अधिकच वाईट वाटतं, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास मला नव्हता. मुलींच्या प्रात्यक्षिकासाठी वाटाणे सोलायचे होते. मी परात, पिशवी आणि स्टूल घेतलं आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन शुभांगीच्या शेजारी बसले. सर थांबले.

"काही काम होतं, मॅडम?"

"काही नाही. शिकवा तुम्ही."

त्यांनी कणकेची नदी काढली. फौज पलीकडच्या काठावर गेली, तंबू उभे राहिले, चुली पेटल्या. मी सोलत होते. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "सर, एवढ्या माणसांचं धुणं कोण धूत होतं?"

शुभांगी हसली. सर हसले नाहीत. ते हातातलं पीठ झटकून खाली बसले, दाराकडे पाठ करून.

"बायका," ते म्हणाले. "फौजेच्या मागं चालत यायच्या. धुवायच्या, शिवायच्या, जखमी सांभाळायच्या. पुस्तकांत त्यांची एखादीच ओळ असते, मॅडम. त्यांना शिधा मिळायचा. अर्धा."

"अर्धा काहून?" मी विचारलं आणि वाटाणे बाजूला ठेवले.